'मला हे जमेल' या विश्वासाने प्रयत्नांत नेमका काय फरक पडतो?

अनुबंध (मूळ लेख)

अवघड काम हाती घेतल्यावर पहिला धक्का बसतो, त्या वेळी माणूस काय करतो यावर त्या कामाचे पुढचे बरेचसे भवितव्य ठरते, असे माझे ठाम मत आहे. मी प्रौढांना गणित शिकवते. शिक्षण सुटून बराच काळ लोटल्यावर पुन्हा परीक्षेला बसणारी ही मंडळी असतात. पहिलेच उदाहरण अडले की काहीजण पेन खाली ठेवतात, वहीत समास आखून घेतात, तारीख पुन्हा ठळक करतात, शेजारच्या वहीवर एक नजर टाकतात आणि 'माझे गणित पहिल्यापासूनच कच्चे' असे म्हणून मोकळे होतात. त्यांच्याइतकेच, किंबहुना त्यांच्याहून थोडे कमीच येणारा एखादा विद्यार्थी मात्र त्याच उदाहरणाखाली रेघ मारतो आणि दुसऱ्या रीतीने पुन्हा सुरुवात करतो. त्या घटकेला दोघांच्या ज्ञानात फारसा फरक नसतो. फरक पडतो तो पुढच्या दहा मिनिटांत, आणि अशी दहा-दहा मिनिटे वर्षभर साठत गेली की तो फरक ज्ञानाचाच होऊन बसतो.

या विषयावर मानसशास्त्रात फार बारकाईने काम झाले आहे, परंतु आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यातले 'स्वतःवर विश्वास ठेवा, सर्व काही शक्य आहे' एवढेच उरते, आणि ज्याला खरोखरच अडचण आहे त्याच्या ते काही कामाचे नसते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार थोडक्यात असा आहे: एखादे विशिष्ट काम आपल्या हातून पार पडेल की नाही, याविषयी माणसाच्या मनात एक अंदाज असतो. ते काम तो मुळात अंगावर घेतो का, त्यात किती जोर लावतो आणि अडथळा आला तरी किती वेळ चिकटून राहतो, हे बऱ्याच अंशी त्या अंदाजावर ठरते. इथे 'विशिष्ट काम' यावर भर द्यायला हवा. हजारो अवघड शस्त्रक्रिया केलेल्या माणसाचे चार लोकांसमोर बोलताना पाय लटपटू शकतात. एका क्षेत्रातला विश्वास दुसऱ्या क्षेत्रात आपोआप जात नाही.

बांडुरा यांचे सुरुवातीचे प्रयोग सापांची तीव्र भीती असलेल्या लोकांवर झाले. एका गटाने तज्ज्ञाच्या सोबतीने टप्प्याटप्प्याने स्वतः सापाला हाताळले, दुसऱ्या गटाने दुसऱ्या कोणाला तसे करताना केवळ पाहिले, आणि तिसऱ्या गटाला काहीच उपचार दिला नाही. स्वतः हाताळणाऱ्यांची भीती सर्वांत जास्त ओसरली. मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे निरीक्षण. उपचारानंतर प्रत्येकाला 'यापुढच्या पायऱ्यांपैकी कोणती तुम्हांला जमेल' असे आधी विचारले होते. पुढे कोण कुठपर्यंत गेले हे उपचारात त्यांनी काय करून दाखवले होते यापेक्षा या उत्तरांवरून अधिक अचूक सांगता आले. म्हणजे सगळ्यांनी सारखेच करून दाखवले असले तरी त्यातून प्रत्येकाने स्वतःविषयी काढलेला निष्कर्ष सारखा नव्हता, आणि पुढची पावले त्या निष्कर्षानुसार पडली.

हा अंदाज कशातून बनतो, याची बांडुरा यांनी चार उगमस्थाने सांगितली: स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था. यांत पहिले सर्वांत बळकट आहे. धीराचे शब्द लवकर चढतात आणि पहिल्याच अपयशात उतरतात.

१९८१ मध्ये बांडुरा आणि डेल शंक यांनी वजाबाकीत फार मागे पडलेल्या मुलांवर केलेला प्रयोग मला माझ्या वर्गात रोज उपयोगी पडतो. सर्व मुलांना स्वतःच्या गतीने सोडवण्यासाठी ४२ पाने दिली होती आणि त्यासाठी ७ बैठका होत्या. काही मुलांना प्रत्येक बैठकीत ६ पाने पुरी करण्याचे उद्दिष्ट सुचवले, काहींना ७ बैठकांअखेर ४२ पाने असे दूरचे उद्दिष्ट सुचवले, तर काहींना कोणतेच उद्दिष्ट दिले नाही. साहित्य तेच, वेळ तोच, एकूण कामही तेच. तरीही ६ पानांचे उद्दिष्ट असलेली मुले वजाबाकीत सर्वांत पुढे गेली, आपल्याला हे जमते असे त्यांना अधिक वाटू लागले, आणि नंतर मोकळ्या वेळेत काय करायचे याची निवड दिली तेव्हा ती आपण होऊन वजाबाकीकडे वळली. दूरचे उद्दिष्ट असलेल्या मुलांना मात्र उद्दिष्ट नसलेल्या मुलांपेक्षा फारसा लाभ झाला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की विश्वासामुळे माणूस कामात टिकतो, परंतु तो विश्वास पुऱ्या केलेल्या कामातूनच मिळतो, आणि म्हणून ज्याच्यापाशी तो नाही त्याला उपदेश करण्याऐवजी त्याच्या हातून पुरे होईल एवढे काम त्याच्यासमोर ठेवले पाहिजे. तुमचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही वाचायला आवडतील.

प्रश्नचिन्ह

लेख आवडला, परंतु एक मूलभूत शंका आहे. ज्याला काम येते त्यालाच ते जमेल असे वाटणार. मग विश्वास हे यशाचे कारण नसून आधीच्या यशाची नोंद तेवढी आहे, असे का म्हणू नये? कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये लोकांचा स्वतःविषयीचा आदर वाढवण्यासाठी एक कृतिगट नेमला होता. त्यामागे असा विचार होता की आदर वाढला की अभ्यासापासून गुन्हेगारीपर्यंत अनेक प्रश्न सुटतील. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हा स्वतःविषयी चांगले वाटल्यामुळे अभ्यासातली कामगिरी सुधारते याला भक्कम आधार सापडला नाही. उलट चांगली कामगिरी झाली की माणसाला स्वतःविषयी चांगले वाटते, हे अधिक पटण्याजोगे दिसले.

अनुबंध

तुमची शंका रास्त आहे आणि तो आढावा मलाही मान्य आहे. तिथे तपासलेली भावना 'मी एकंदर चांगला माणूस आहे' अशी होती. 'हे उदाहरण मी सोडवू शकेन' हा अंदाज त्याहून वेगळा असून त्याचा कामाशी थेट संबंध आहे. तरीही 'आधी यश की आधी विश्वास' हा तुमचा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर हवे असेल तर क्षमता तीच ठेवून केवळ अंदाज बदलून पाहावा लागतो.

असा प्रयोग १९७९ मध्ये वाइनबर्ग, गूल्ड आणि जॅक्सन यांनी केला. खुर्चीत बसून एक पाय समोर ताठ धरायचा आणि प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त वेळ तसाच ठेवायचा, अशी स्पर्धा होती. प्रतिस्पर्धी संशोधकांचाच माणूस होता. काहींना सांगण्यात आले की त्याच्या गुडघ्याला दुखापत झालेली आहे, तर काहींना सांगण्यात आले की तो धावपटू आहे आणि या प्रकारात त्याची कामगिरी उत्तम आहे. प्रत्येकजण हरेल अशीच व्यवस्था होती. ज्यांना आपण जिंकू असे वाटत होते त्यांनी पाय अधिक वेळ तोलून धरला, आणि पहिल्या फेरीत हरल्यानंतर दुसऱ्या फेरीत दोन्ही गटांतले अंतर आणखी स्पष्ट झाले. दोन्ही गटांच्या मांड्यांच्या स्नायूंत काही फरक नव्हता. वेदना सुरू झाल्यावर आणखी किती वेळ थांबायचे याचा निर्णय तेवढा वेगळा होता.

लांबपल्ला

मी हौशी धावपटू आहे. आमच्यात एक कथा सतत सांगितली जाते: ४ मिनिटांच्या आत १ मैल धावणे अशक्य आहे असे सर्वांना वाटत होते, रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत ते करून दाखवले आणि मनातली भिंत कोसळताच इतरांनाही ते जमू लागले. जॉन लँडी यांनी ४६ दिवसांतच तो विक्रम मोडला, हे खरेच आहे. परंतु ही कथा इतकीच सांगणे मला अन्यायाचे वाटते, कारण तिच्यातून सगळे कष्ट गळून पडतात.

आधीचा विक्रम गुंडर हेग यांचा होता, १९४५ मधला, ४ मिनिटे १.४ सेकंदांचा. म्हणजे अंतर दीड सेकंदाहून कमी उरले होते. लँडी बॅनिस्टर यांच्या आधीच पुन्हापुन्हा ४ मिनिटे २ सेकंदांच्या आसपास धावत होते. त्यांना कोणी जागे करण्याची गरज नव्हती. बॅनिस्टर यांनी काय केले ते पाहा. पाव मैल धावायचा, दोन मिनिटे थांबायचे आणि पुन्हा धावायचे, असे एका सरावात दहा वेळा. हिवाळ्याच्या सुरुवातीला प्रत्येक पाव मैलाला सुमारे ६६ सेकंद लागत होते. हळूहळू ती वेळ ६१ सेकंदांवर आली आणि तिथेच अडून बसली. मग त्यांनी सराव थांबवला, काही दिवस डोंगर चढायला गेले, आणि परतल्यावर ५९ सेकंद नोंदले गेले. मैलाचे चार भाग ६० सेकंदांच्या आत धावता आले की ४ मिनिटांची भिंत उरत नाही. प्रत्यक्ष शर्यतीतही ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे यांनी आळीपाळीने पुढे राहून वेग राखून दिला होता.

त्यांचा विश्वास खरा होता आणि निर्णायकही होता, याबद्दल मला शंका नाही. परंतु तो घड्याळातून आलेला होता. ६६, मग ६१, मग ५९ असे आकडे ज्याने स्वतःच्या पायांनी मिळवले आहेत, त्याच्या 'मला जमेल' या म्हणण्याला वजन असते.

काजवा

लांबपल्ला यांचा प्रतिसाद वाचून बरे वाटले. मी सध्या नोकरीच्या शोधात आहे, आणि डोळे मिटून नियुक्तिपत्र हातात पडल्याचे रोज मनात पाहा असा सल्ला मला सगळीकडून मिळतो. करताना छान वाटते, पण त्यानंतर अर्ज लिहायला बसावेसे वाटत नाही, हे माझ्या लक्षात आले आहे. हे माझ्याच बाबतीत होते का?

अनुबंध

नाही. गाब्रिएले एटिंगन आणि डोरिस मायर यांनी २००२ मध्ये नेमके हेच तपासले. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांच्या मनातल्या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मोजल्या: नोकरी मिळण्याची शक्यता त्यांना किती वाटते, आणि ती मिळाल्याची सुखद चित्रे ते किती वेळा रंगवतात. शक्यता जास्त वाटणाऱ्यांनी पुढे चांगले यश मिळवले. सुखद चित्रे वारंवार रंगवणाऱ्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्याही कमी मिळाल्या आणि पगारही कमी मिळाला. पहिली गोष्ट बहुधा पूर्वानुभवावर उभी असते, दुसरीला कशाचाच आधार लागत नाही, आणि मन त्या चित्रातच तृप्त होऊन जाते. आपल्याकडे 'दे रे हरी पलंगावरी' म्हणतात, त्या वृत्तीला सकारात्मक विचार हे नाव दिल्याने तिचा परिणाम बदलत नाही.

एटिंगन यांनीच सुचवलेला उपाय असा की हवे असलेले फळ डोळ्यांसमोर आणल्यानंतर लगेच आपल्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळाही तितक्याच स्पष्टपणे पाहावा. फळ आवाक्यात असेल तर जोर वाढतो, नसेल तर माणूस वेळेवर दुसरीकडे वळतो, आणि हे वळणेही मला शहाणपणाचेच वाटते.

प्रश्नचिन्ह

याच अनुषंगाने, विश्वास जास्त झाला तर प्रयत्न कमी होतात, हेही नोंदवायला हवे. जेफ्री व्हँकूव्हर आणि सहकाऱ्यांनी तर्काच्या एका खेळावर केलेल्या अभ्यासात त्याच माणसाचा विश्वास वाढला की पुढच्या डावातली त्याची कामगिरी घसरते, असे दिसले. आपल्याला कळलेच आहे असे वाटले की तपासणे थांबते.

लांबपल्ला

पूर्णपणे मान्य. माझ्या ओळखीतल्या कित्येकांची दुसरी मॅरेथॉन पहिलीपेक्षा वाईट गेली ती यामुळेच.

हस्तस्पर्श

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णांबरोबर काम करते. या चर्चेत शरीराची बाजू आलेली नाही, म्हणून लिहिते.

झटक्यानंतर सुरुवातीच्या काळात बाधित हात खरोखरच हलत नाही. रुग्ण प्रयत्न करतो, हात साथ देत नाही, वस्तू पडते, आणि तो निरोगी हाताने काम उरकायला शिकतो. पुढे मेंदू काही अंशी सावरतो आणि हातात थोडी ताकद परत येते, पण तोपर्यंत तो हात वापरायचाच नाही ही सवय पक्की झालेली असते. एडवर्ड टॉब यांनी या न वापरण्याच्या सवयीचा अभ्यास केला आणि त्यावरचा उपचार घडवला. त्यात निरोगी हातावर जाड मोजा चढवतात, जेणेकरून दिवसभराची कामे बाधित हातानेच करावी लागतात, आणि शिवाय रोज कित्येक तास सराव घेतात. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. झटका येऊन ३ ते ९ महिने झालेल्या रुग्णांना हा उपचार २ आठवडे दिला, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांच्या हाताचा वापर लक्षणीय सुधारला आणि ती सुधारणा वर्षानंतरही टिकून होती. हातात बळ होते, पण ते आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते.

आमच्याकडे एक साधी चाचणी असते. एका पेटीत अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे ठेवलेले असतात, मध्ये एक आडवी फळी असते, आणि एका मिनिटात जितके ठोकळे एकेक करून फळीपलीकडे टाकता येतील तितके टाकायचे असतात. पहिल्या वेळी बोटे ठोकळ्याभोवती येतात, पण उघडत नाहीत. रुग्ण हाताकडे पाहतच नाही, माझ्याकडे पाहतो. मी आकडा सांगत नाही, त्यालाच मोजायला आणि त्याच्याच हाताने कागदावर लिहायला लावते. 'छान, उत्तम' असे मी कितीही म्हटले तरी ते माझे मत राहते. स्वतः लिहिलेला ३ हा आकडा आणि त्याखाली काही दिवसांनी लिहिलेला ५ हा आकडा त्याला कोणी पटवून द्यावा लागत नाही. ज्या दिवशी तो माझ्याकडे न पाहता हाताकडे पाहू लागतो, त्या दिवसापासून घरचा सरावही नियमित होतो, असा माझा अनुभव आहे.

शांतसागर

सर्वांचे प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु एका गोष्टीची मला काळजी वाटते. विश्वासाचे महत्त्व सांगता सांगता अपयशाचे सगळे ओझे अपयशी माणसाच्याच माथी मारले जाते. ज्याच्या कष्टांना परिस्थितीने वारंवार फळ मिळू दिले नाही, त्याने प्रयत्न सोडले तर त्यात त्याचा दोष किती?

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या कुत्र्यांना काहीही केले तरी विजेचे झटके थांबवता आले नव्हते, त्यांपैकी बरेच कुत्रे पुढे सुटकेचा सोपा मार्ग असूनही जागेवरच पडून राहिले. प्रयोग क्रूर होता. त्यावरून हतबलता शिकली जाते असे म्हटले गेले. मात्र याच दोघांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलाच निष्कर्ष उलटा मांडला. दीर्घकाळ त्रास झाला की निष्क्रिय होणे ही मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. मला यातून असे दिसते की प्रयत्न सोडलेल्या माणसात काही बिघडलेले नसते. आपल्या करण्याने फरक पडतो हे शिकण्याची संधीच त्याला मिळालेली नसते, आणि ती देण्याची जबाबदारी त्याच्या भोवतालच्या लोकांवर, संस्थांवर येते.

अनुबंध

शांतसागर, तुमचे म्हणणे मनापासून पटले. माझ्या वर्गात पेन खाली ठेवणाऱ्यांकडे मी याच नजरेने पाहते.

प्रश्नचिन्ह

भोवतालच्यांची जबाबदारी म्हटली की कौतुकाचा विषय येतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुले पुढच्या अवघड कोड्यांत हरल्यावर लवकर खचली, तर 'तू मेहनत घेतलीस' असे ऐकलेली मुले टिकून राहिली. मात्र 'बुद्धी वाढवता येते' असे शिकवण्याचे जे कार्यक्रम यातून निघाले, त्यांचा गाजावाजा परिणामापेक्षा फार मोठा आहे. अनेक अभ्यासांच्या २०१८ च्या एकत्रित विश्लेषणात सरासरी परिणाम अगदी थोडा निघाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तासाभराहून कमी वेळेच्या कार्यक्रमाने मागे पडलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी श्रेणी (ती तिथे साधारण ४ पैकी मोजतात) सुमारे ०.१ गुणाने वाढली. इतक्या कमी वेळात एवढे होणे वाईट नाही, पण त्याला चमत्कार म्हणता येणार नाही.

काजवा

मग प्रत्यक्षात काय करावे? माझा धाकटा भाऊ एकाच परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला आहे. पुस्तक उघडून तो तासन् तास नुसता बसून असतो. 'तुला जमेल' असे घरातले सगळे त्याला सांगतात, आणि त्यावर तो चिडतो.

अनुबंध

तो चिडतो हे स्वाभाविक आहे, कारण त्याच्यापाशी दोन निकालांचा पुरावा आहे आणि घरच्यांपाशी केवळ माया आहे. काही दिवस ते वाक्य घरात कोणीच उच्चारू नये, असे मी सुचवेन.

त्याला एक जुनी प्रश्नपत्रिका द्या आणि सोडवण्याआधी प्रत्येक प्रश्नापुढे 'येईल', 'कदाचित' किंवा 'येणार नाही' असे लिहायला सांगा. मग घड्याळ न लावता सगळे प्रश्न सोडवू द्या आणि अंदाज व उत्तरे शेजारी ठेवून तपासा. 'येणार नाही' म्हटलेल्यांतले काही प्रश्न बहुधा सुटलेले असतील, आणि 'येईल' म्हटलेल्यांतले काही चुकलेले असतील. दोन्ही माहिती उपयोगाची आहे. अभ्यासाची सुरुवात 'कदाचित' असलेल्या प्रश्नांपासून करा, कारण तिथे थोड्या कष्टात फरक दिसतो. रोजचे काम एका बैठकीत पुरे होईल एवढेच ठेवा आणि ते पुरे झाल्याची खूण त्याने स्वतः करावी. अडल्यावर काय करायचे हेही आधीच ठरवून ठेवा: 'एखादा प्रश्न पंधरा मिनिटे सुटला नाही, तर मी सोडवलेले उदाहरण एकदा पाहीन, वही मिटीन आणि तोच प्रश्न कोऱ्या पानावर पुन्हा लिहीन.' पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनात अशा आधी ठरवलेल्या 'जर-तर' योजनांचा चांगला उपयोग दिसलेला आहे, कारण हताश वाटण्याच्या क्षणी नवा निर्णय घ्यावा लागत नाही.

दर आठवड्याला नवी प्रश्नपत्रिका घेऊन हेच पुन्हा करा. 'कदाचित' मधले प्रश्न 'येईल' कडे सरकताना दिसले तर तो विश्वास त्याचा स्वतःचा असेल. पुरेसा काळ देऊनही ते सरकले नाहीत, तर आधी अभ्यासाची पद्धत बदलून पाहा, आणि त्यानंतरही फरक पडला नाही तर ही परीक्षा त्याला हवीच आहे का, हे त्याच्याशी मोकळेपणाने बोला.